क्रिएटिनिन वाढलं म्हणजे नेमकं काय बिघडलं?

रिपोर्टवर क्रिएटिनिनच्या आकड्यापुढे वर जाणारा बाण दिसला की समोरच्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हे कमी कसं करायचं?" किडनीच्या ओपीडीत बसणाऱ्या आमचा पहिला प्रश्न वेगळा असतो: "जुना रिपोर्ट आहे का?" सहा महिन्यांपूर्वीचा, दोन वर्षांपूर्वीचा, एखाद्या ऑपरेशनच्या आधी केलेला, कुठलाही चालतो. क्रिएटिनिन तीन वर्षं १.८ वरच (म्हणजे डेसिलिटरमागे १.८ मिलिग्रॅम) असेल तर ते दुखणं जुनं, सावकाशीचं. तेच गेल्या आठवड्यात ०.९ असेल तर त्या माणसाला आम्ही तपासण्या पूर्ण होईपर्यंत घरी जाऊ देत नाही, मग त्याला कितीही ठणठणीत वाटत असो.

क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंत. तिथे साठलेल्या क्रिएटिनपैकी साधारण १ ते २ टक्के रोज आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलतं, रक्तात येतं आणि किडनीच्या गाळण्यांतून लघवीत जातं. थोडा भाग किडनीच्या नलिका स्वतःहूनही लघवीत टाकतात. स्नायू तेवढेच असतील तर रोजची निर्मितीही जवळपास तेवढीच राहते. म्हणून रक्तातली पातळी चढली की बहुतेक वेळा गाळणं मंदावलेलं असतं. क्रिएटिनिन स्वतः फारसं विषारी नाही, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो, कारण इथून पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जिवावर उठतात ती त्याच्याबरोबर शरीरात अडकून पडलेली द्रव्यं: पोटॅशियम, आम्ल, फॉस्फेट, मीठ आणि पाणी.

आकडा आणि गाळण्याची ताकद यांचं नातं सरळ नाही, आणि सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. ५० वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १ असेल तर त्याचा ईजीएफआर, म्हणजे गाळण्याचा अंदाजे वेग, मिनिटाला सुमारे ९२ मिलिलिटर येतो. २ झालं की तो ४० वर उतरतो. १ वरून २ होण्यात अर्ध्याहून जास्त ताकद गेली, आणि रिपोर्टवर वाढ दिसते फक्त एकाची. उलट ६ वरून ७ झालं तर घरातले घाबरून धावत येतात, पण तिथे ईजीएफआर ११ वरून ९ झालेला असतो. मोठं नुकसान फार आधी, कुणाचं लक्ष नसताना होऊन गेलेलं असतं.

वय आणि स्नायूही धरावे लागतात. १.३ हाच आकडा २५ वर्षांच्या तरुणाचा असेल तर २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने (क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून ईजीएफआर काढण्याची ही रीत) ईजीएफआर ७८ येतो. ७५ वर्षांच्या बाईंचा असेल तर ४३. बऱ्याच लॅबच्या रिपोर्टवर १.३ च्या पुढे साधा बाणसुद्धा नसतो. बारीक चणीच्या, वय झालेल्या बायकांचं किडनीचं दुखणं उशिरा कळतं त्याचं एक मोठं कारण हे आहे. गरोदरपणात तर गाळण्याचा वेग जवळजवळ दीडपट होतो आणि क्रिएटिनिन एरवीपेक्षा खाली उतरतं, त्यामुळे एरवी बिनधास्त वाटणारं १ तेव्हा तपासण्याजोगं असतं.

पहिल्यांदाच वाढलेला आकडा आला असेल आणि माणूस आजारी दिसत नसेल तर तपासणी पुन्हा करायला सांगतो, पण काही गोष्टी पाळून. आदल्या दिवशी मांसाहार नको, कारण शिजवलेल्या मांसातलं क्रिएटिनिन काही तास आकडा वर ठेवतं. दोन दिवस जिममधला जोराचा व्यायाम नको. क्रिएटिनची पावडर चालू असेल तर तसं सांगावं. नमुना शक्यतो त्याच लॅबमध्ये द्यावा. याला कारण आहे. बऱ्याच ठिकाणी अजूनही १८८६ मध्ये माक्स याफेने दाखवलेली अभिक्रिया वापरतात: अल्कधर्मी पिक्रेट मिसळलं की नमुन्याला नारिंगी-लाल रंग चढतो आणि तो किती वेगाने चढतो ते यंत्र मोजतं. हा रंग फक्त क्रिएटिनिनमुळे येत नाही. मधुमेहात रक्तात कीटोन साठले असतील तर त्यांचाही येतो आणि आकडा फुगतो. कावीळ असेल तर उलटा, खरा असेल त्यापेक्षा कमी येऊ शकतो. एन्झाइम पद्धतीत ही भेसळ बरीच कमी असते. शिवाय ट्रायमेथोप्रिम, सिमेटिडिन, डॉल्युटेग्राव्हिर यांसारखी औषधं नलिकांचं काम अडवतात, गाळणं जसंच्या तसं राहतं आणि आकडा मात्र थोडा चढतो. पिळदार अंगाच्या माणसाबद्दल शंका राहिली तर सिस्टॅटिन-सी ही रक्ताची दुसरी तपासणी करून घेतो, तिचा स्नायूंशी फारसा संबंध नाही.

वाढ खरी ठरली की वेगाकडे पाहतो. ४८ तासांत ०.३ ने वाढ, किंवा सात दिवसांत मूळ आकड्याच्या दीडपट, किंवा सलग सहा तास लघवी दर तासाला प्रत्येक किलो वजनामागे अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी: यातलं एकही असेल तरी ती किडनीला अचानक झालेली इजा. अशा वेळी ईजीएफआरच्या सूत्रावर विसंबत नाही, कारण पातळी स्थिर आहे असं ते धरून चालतं. किडनी आज सकाळी पूर्ण बंद पडली तरी क्रिएटिनिन दिवसाला साधारण १ ते १.५ नेच चढतं. संध्याकाळच्या रिपोर्टवर १.६ दिसत असताना प्रत्यक्ष गाळणं शून्याच्या आसपास असू शकतं.

कारण तीन जागी शोधायचं. किडनीपर्यंत रक्त कमी पोचतंय का: उलट्या-जुलाब, रक्तस्राव, हृदय कमजोर. किडनीतच बिघाड आहे का: जंतुसंसर्ग, औषधं, गाळण्यांची सूज. की पुढे वाट तुंबली आहे: प्रोस्टेट, खडा, गर्भाशयाच्या मुखाची गाठ. तिसरं कारण आम्ही सगळ्यात आधी खोडून काढतो, कारण वेळेत सापडलं तर ते सोडवता येतं. सोनोग्राफीत लघवी करण्याआधी आणि केल्यानंतर असं दोनदा मूत्राशय पाहायला सांगायचं. लघवी होतेय म्हणून वाट मोकळी आहे असं अजिबात नाही. भरलेल्या मूत्राशयातून थोडी थोडी गळतच राहते आणि माणूस "लघवी तर सारखी होते" असं सांगतो. त्याच सोनोग्राफीत किडनीची लांबी कळते. साधारण ९ ते १२ सेंटीमीटर ठीक. आक्रसलेली, कडा पातळ झालेली किडनी म्हणजे दुखणं जुनं. मधुमेहात मात्र बिघडलेली किडनीसुद्धा नेहमीच्या आकाराची दिसू शकते, तेव्हा "सोनोग्राफी नॉर्मल" या शब्दांवर निश्चिंत होऊ नये.

लघवीची तपासणी रक्ताइतकीच बोलकी असते आणि तिच्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. सकाळच्या पहिल्या लघवीत अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण काढतात. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या आत असावं. ३०० च्या वर गेलं तर किडनी आणि हृदय दोन्हींचा धोका स्पष्ट वाढलेला असतो. क्रिएटिनिन १ असून अल्ब्युमिन ८०० असलेला माणूस आम्हाला १.५ आणि अल्ब्युमिन १० असलेल्या वयस्क माणसापेक्षा जास्त काळजीचा वाटतो. सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशींचे साचे (नलिकांत जमून नळीसारखा आकार घेतलेले पुंजके) दिसले तर गाळण्यांना सूज आहे आणि तिथे दिवस मोजून चालायचं असतं, बायोप्सीचा निर्णय लांबवायचा नसतो. वय जास्त, हाडं दुखतात, हिमोग्लोबिन कमी आणि लघवीत बुडवायच्या पट्टीवर प्रथिन जवळपास नाही, पण प्रयोगशाळेत मोजलं तर भरपूर, असं दिसलं की मायलोमा (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग) शोधायचा, कारण पट्टी मुख्यतः अल्ब्युमिनच ओळखते.

सूत्राचा अंदाज पटत नाही तेव्हा २४ तासांची लघवी जमवायला सांगतो. हात-पाय कापलेला माणूस, फार कृश किंवा फार धिप्पाड माणूस अशांसाठी ती उपयोगी. पद्धत साधी, पण चुकते फार. सकाळी सहाला उठल्यावरची पहिली लघवी फेकून द्यायची; ती रात्रीची असते. तिथून पुढची प्रत्येक लघवी डब्यात, शौचाला जातानाचीसुद्धा आधी वेगळी धरून. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, लागली नसली तरी, करून तीही डब्यात. डबा थंड जागी ठेवायचा आणि त्याच दिवशी रक्तही द्यायचं. समजा लघवी २००० मिलिलिटर जमली, तिच्यात क्रिएटिनिन डेसिलिटरला ६० मिलिग्रॅम आणि रक्तात २. ६० गुणिले २०००, भागिले दिवसाची १४४० मिनिटं, भागिले २: गाळणं मिनिटाला सुमारे ४२ मिलिलिटर. जमवणं नीट झालं का हेही यातूनच कळतं. दिवसभरात १२०० मिलिग्रॅम क्रिएटिनिन बाहेर पडलं. ६० किलोच्या पुरुषाला किलोमागे २० मिलिग्रॅम, म्हणजे बरोबर. तिथे ६०० आलं असतं तर एक-दोन वेळची लघवी डब्याबाहेर गेली असं आधी समजायचं. बायकांत हा हिशेब किलोमागे १५ ते २० मिलिग्रॅमचा असतो.

आता धोक्यांकडे. तासाभरात जीव घेऊ शकतं ते पोटॅशियम. ५.५ च्या वर गेलं की आम्ही सावध होतो, ६.५ च्या वर, किंवा त्याखाली असूनही ईसीजीच्या आलेखातली टी नावाची लाट टोकदार आणि उंच झाली, क्यूआरएस नावाचा भाग रुंद झाला, तर सगळं बाजूला ठेवून उपचार सुरू. यात फसवा भाग असा की माणसाला फार काही जाणवत नाही. कधी पाय जड वाटतात, कधी तेवढंही नाही, आणि हृदय थांबतं. आधी १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून सावकाश देतात. त्याने हृदयाला काही मिनिटांत कवच मिळतं, पण पोटॅशियम कणभरही उतरत नाही, आणि तो परिणाम तासाभरात ओसरतो. मग इन्शुलिन आणि ग्लुकोज देऊन पोटॅशियम पेशींच्या आत ढकलायचं. इथे एक चूक नेहमी होते: किडनी बिघडलेली असताना इन्शुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून पुढचे सहा तास तरी दर तासाला शुगर पाहावीच लागते. पेशीत ढकललेलं पोटॅशियम काही तासांनी परत बाहेर येतं. ते शरीराबाहेर काढायचं काम लघवीने, आतड्यात पोटॅशियम धरून ठेवणाऱ्या औषधाने किंवा डायलिसिसने करावं लागतं. एक उलट बाजूही आहे. रक्त काढताना पट्टा जास्त वेळ घट्ट राहिला, मूठ आवळून उघडून शीर फुगवली किंवा नळीत पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटंच वाढलेलं येतं. संशय असेल तर नमुना लगेच पुन्हा घ्यायचा, पण ईसीजी त्या रिपोर्टची वाट पाहत थांबत नाही.

बाकीची हानी सावकाश होते. पाणी साठलं की पायांना सूज, रात्री आडवं झाल्यावर धाप. रक्तातलं आम्ल शमवणारं बायकार्बोनेट २२ च्या खाली राहिलं तर हाडं आणि स्नायू झिजतात. किडनीत तयार होणारं, लाल पेशी बनवायला लावणारं एरिथ्रोपोएटिन कमी पडलं की हिमोग्लोबिन उतरतं. फॉस्फेट अडकतं, गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक चढतं, हाडांतलं कॅल्शियम निघतं आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जाऊन बसतं. रक्तवाहिन्या अशा कडक झाल्या की हृदयावर ताण येतो. मधल्या टप्प्यातल्या रुग्णांना डायलिसिसची भीती वाटते, पण त्यांच्यातले बरेच जण डायलिसिसपर्यंत पोचण्याआधी हृदयविकारानेच जातात. म्हणून बीपी १३०/८० च्या खाली ठेवणं, तंबाखू सोडणं आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी हे सगळं किडनीच्या उपचाराचाच भाग आहे, जोडकाम नव्हे. अगदी शेवटच्या टप्प्यात मळमळ, अंगभर खाज, गुंगी, हृदयाच्या आवरणाला सूज आणि सहज रक्तस्राव दिसतात.

एक धोका घरातल्या औषधांच्या डब्यात असतो. किडनीतून बाहेर पडणारी औषधं साठत जातात: गॅबापेन्टिन आणि प्रीगॅबालिनने झोप आवरत नाही, बॅक्लोफेनने माणूस असंबद्ध बोलायला लागतो, अ‍ॅसिक्लोव्हिरने भ्रम होतो. ईजीएफआर ३० च्या खाली गेला की मेटफॉर्मिन बंद करायची. मधुमेह असलेल्यांच्या बाबतीत एक खूण आम्ही कधी सोडत नाही: इन्शुलिनचा डोस तोच असून शुगर सारखी कमी यायला लागली, तर घरी आनंद होतो, पण खरं कारण अनेकदा हे असतं की किडनीत इन्शुलिनची विल्हेवाट आता पूर्वीसारखी लागत नाही.

पेनकिलरबद्दल थोडं सविस्तर. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांच्यामुळे किडनीत रक्त आणणारी बारीक धमनी आकुंचते. बीपीच्या एसीई किंवा एआरबी गटातल्या गोळीने रक्त बाहेर नेणारी धमनी सैल झालेली असते. त्यात लघवी जास्त करणारी गोळी चालू आणि वरून जुलाब. आत येणारं कमी, दाब टिकत नाही, गाळणं ठप्प. यातली प्रत्येक गोळी एकेकटी कदाचित चालली असती, तिन्ही एकत्र आल्या की क्रिएटिनिन दोन दिवसांत दुप्पट झालेलं आम्ही पाहतो. म्हणून उलट्या-जुलाब किंवा ताप येऊन खाणं-पिणं सुटलं तर एसीई/एआरबी, लघवीची गोळी, मेटफॉर्मिन आणि एसजीएलटी-२ गटातली (डापाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीतून साखर बाहेर टाकणारी) गोळी डॉक्टरांना विचारून तेवढे दिवस थांबवायची, आणि नीट खायला-प्यायला लागल्यावर पुन्हा सुरू करायची. कधी थांबवायची आणि कधी सुरू करायची, हे बरं असतानाच कागदावर लिहून घ्यावं. पुन्हा सुरू करणं विसरलेले लोक खूप असतात, आणि ते नुकसानही मोठं आहे.

कारण हीच औषधं किडनी वाचवतात. एआरबी सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासतो. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत चढलं, म्हणजे १.५ चं १.९ झालं, आणि पोटॅशियम ठीक असेल तर गोळी चालूच ठेवतो. गाळण्यांवरचा जादा दाब उतरल्याची ती खूण आहे. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळीनेही सुरुवातीला ईजीएफआर थोडा उतरतो, पुढची घसरण मात्र मंदावते. २०२० मध्ये आलेल्या, या गोळीच्या डापा-सीकेडी नावाच्या रुग्णांवरच्या चाचणीत हे मधुमेह नसलेल्यांतही दिसलं. "गोळीने क्रिएटिनिन वाढलं" म्हणून ती फेकून देणारा माणूस आम्हाला फार अस्वस्थ करतो. ३० टक्क्यांच्या पुढे गेलं तर मात्र डोस कमी करून कारण शोधायचं: शरीरात पाणी कमी पडलंय का, पेनकिलर चालू आहे का, किडनीची धमनी अरुंद आहे का.

याच्या उलट, आकडा खाली आणणाऱ्या गोष्टींनी बरं वाटून घेऊ नये. जेवण तोडलं, वजन घटलं, स्नायू गेले की क्रिएटिनिन उतरतं आणि किडनी होती तिथेच असते. प्रथिनं दिवसाला किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास ठेवायची, उपाशी राहायचं नाही. भरपूर पाणी प्यायल्याने जुना बिघाड सुधारत नाही. शरीर कोरडं पडलं असेल तेव्हाच पाण्याने आकडा उतरतो, आणि पायावर सूज असताना जास्तीचं पाणी फुप्फुसात जातं. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, पण "कमी सोडियमचं मीठ" घेऊ नका, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. घटक न लिहिलेल्या चूर्णांबद्दलही तेच सांगतो: अ‍ॅरिस्टोलोकिक अ‍ॅसिड असलेल्या वनस्पतींनी किडन्या कायमच्या गेल्याची आणि मूत्रमार्गाचा कर्करोग झाल्याची नोंद वैद्यकात पक्की आहे.

ईजीएफआर ३० च्या खाली गेला की पुढची तयारी डोकं शांत असताना करून ठेवायची. हेपॅटायटिस-बीची लस घ्यायची. ज्या हाताने लिहीत नाही त्या हाताच्या शिरा राखायच्या: रक्त काढणं, सलाईन, सगळं दुसऱ्या हाताच्या पंजावरून. फिस्टुलाचं (डायलिसिसच्या सुईसाठी हातातली धमनी आणि शीर जोडण्याचं) ऑपरेशन झाल्यावर शीर सुईला तयार व्हायला दीड ते तीन महिने जातात, आणि टोचून टोचून बंद झालेल्या शिरेवर फिस्टुला होत नाही. ईजीएफआर २० च्या आसपास आला की प्रत्यारोपणाची चर्चा आणि दात्याच्या तपासण्या सुरू करता येतात, म्हणजे काहींना डायलिसिस लागण्याआधीच किडनी मिळते.

डायलिसिस कधी सुरू करायचं हे क्रिएटिनिनवर ठरत नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, रुग्णांवर केलेल्या आयडियल नावाच्या चाचणीत आकडा पाहून लवकर सुरू केलेल्यांचं आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. ८ असून लघवी चांगली, भूक चांगली, पोटॅशियम आटोक्यात असलेला माणूस थांबू शकतो. ५ असलेला कृश माणूस धाप आणि उलट्यांनी आलेला असेल तर त्याला लगेच लागतं. आणि डायलिसिसवर गेल्यानंतर आकड्याचा अर्थच पालटतो. आठवड्यातून तीनदा चार-चार तास बसणाऱ्या माणसाचं डायलिसिसआधीचं क्रिएटिनिन काही महिन्यांत ९ वरून ५ वर आलं, तर आधी त्याची लघवी वाढली आहे का ते पाहतो. नसेल वाढली, तर वजन, रक्तातलं अल्ब्युमिन आणि ताटात किती उरतंय याची चौकशी सुरू करतो, कारण तेव्हा झिजत असतात ते त्याचे स्नायू.